मावशींचा डबा आणि विमानातले शेंगदाणे



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही चार-पाच जण विहाराच्या पायरीवर बोलत उभे होतो. वस्तीतल्या एक मावशी जवळ आल्या. वय सत्तरीच्या घरात, नवरा गिरणी कामगार होता, मुलांना उपाशी राहून शिकवलं. धाकटी मुलगी आज लंडनजवळ नोकरी करते. मावशी पहिल्यांदाच विमानात बसून तिच्याकडे निघाल्या आहेत. तिकीट झालं, व्हिसा झाला, नवी बॅगसुद्धा आली. चेहरा मात्र उतरलेला.

"भाऊ, पोरगी म्हणते शेंगदाण्याची चटणी आणू नको, तिळाचे लाडू आणू नको, घरी केलेलं काहीच आणू नको. इतकी वर्षं लोकांनी आपल्या हातचं खाल्लं नाही. आता पोटची पोरगीबी तेच म्हणायला लागली."

खरं सांगतो, मलाही आधी रागच आला. आपल्या समाजात "अमुक पदार्थ इथे आणू नका" हे वाक्य ऐकलं की कान टवकारतात, आणि ते उगीच नाही. पाणवठा आणि पंगत हे आपल्या आजोबांच्या आठवणीतले विषय. पण २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात 'इथे फक्त शाकाहारींनी बसावे' असे कागद लागले, पुढे शाकाहारींसाठी सहा टेबलं वेगळी काढली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. तेव्हा खाण्यावरची बंदी म्हटली की आधी 'कोणाच्या सोयीसाठी?' असं विचारणं हा आपला हक्कच आहे.

म्हणून त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी बसून लंडनला फोन लावला आणि मुलीलाच विचारलं. ती बिचारी रडायच्या बेतात होती. तिचा मुलगा पाच वर्षांचा. सव्वा वर्षाचा असताना त्याने शेंगदाण्याच्या लोण्याचं एक बोट चाटलं. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. रुग्णवाहिका वेळेवर आली म्हणून मूल हाती लागलं. पुढे तपासणीत तीळही निघाले. मिक्सरच्या ज्या भांड्यात कूट केलं, त्याच भांड्यात वाटलेला मसालासुद्धा त्याला चालत नाही. "आईच्या हाताला मी कशी नाही म्हणेन, दादा? पण भांडं कोणतं होतं हे मला इथून कसं कळणार?"

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमची पोरं कूट खाऊनच वाढली. थोडं थोडं दिलं तर सवय होईल की."

इथे मला घाम फुटला. वाचकहो, हे वाक्य घराघरात बोललं जातं आणि त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. २०१५ साली इंग्लंडमध्ये ६४० तान्ह्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाच वर्षांपर्यंत ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे आपल्या आया-आज्यांची रीत अगदीच चूक नव्हती. पण ही गोष्ट ॲलर्जी होण्याच्या आधीची. एकदा शरीराने शेंगदाण्याला शत्रू ठरवलं की मग आजीने लाडाने गुपचूप भरवलेला घास जीव घेऊ शकतो. तो प्रयोग घरात करायचा नसतो. मी हे मावशींना जरा कठोरपणेच सांगितलं. त्या गप्प झाल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी असा प्रश्न विचारला की मीच निरुत्तर झालो.

दिवाळीत मुलगी आणि नातू त्यांच्याबरोबर इकडे येणार आहेत. नऊ-दहा तासांचा प्रवास. मुलीने विमान कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की विमानात शेंगदाणे नसतील अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. मावशी म्हणाल्या, "मला चटणी नको म्हणतात, मग विमानवाल्यांना बंदी का नाही घालत? सुकं खोबरं तर विमानात नेऊ देत नाहीत, तेलाने पेट घेतं म्हणून. मग माझ्या नातवाच्या जिवाला खोबऱ्याएवढी तरी किंमत आहे की नाही?"

मी बी.कॉम. झालेला कारकून, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मिळालं तेवढं वाचलं.

हा वाद अमेरिकेत जुना आहे. तिथल्या विमानांत शेंगदाण्याची पुडी फुकट देण्याची रीत होती. १९९८ साली तिथल्या वाहतूक खात्याने मोठ्या कंपन्यांना कळवलं, की तीव्र ॲलर्जीचा प्रवासी असेल तर त्याची रांग, पुढची एक आणि मागची एक, एवढ्या तीन रांगांत शेंगदाणे वाटू नका. मागणी केवढी, तर तीन रांगांची. पण शेंगदाणा पिकवणाऱ्या राज्यांचे खासदार खवळले आणि त्याच वर्षी संसदेने कायद्यात अट घातली, की शास्त्रीय अभ्यासाने सिद्ध झाल्याशिवाय खात्याने या कामावर पैसाच खर्च करायचा नाही. २०१० साली खात्याने पुन्हा विषय काढला आणि तीच जुनी अट पुढे आल्याने गुंडाळला. पुढे २०१८ साली साउथवेस्ट कंपनीने, जिची ओळखच शेंगदाण्याची पुडी होती, स्वतःहून शेंगदाणे देणं थांबवलं. सरकारला वीस वर्षांत जमलं नाही ते कंपनीने एका निर्णयात केलं.

आता शास्त्र काय म्हणतं? लोकांची समजूत अशी, की शेजाऱ्याने पुडी फोडली की शेंगदाण्याचा अंश हवेत पसरून विमानभर फिरतो. पण २००३ साली तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांजवळ दहा मिनिटं शेंगदाण्याचं लोणी उघडं धरून पाहिलं. एकालाही श्वासाचा त्रास झाला नाही. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने करवून घेतलेला आढावा २०२४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला, तोही हेच सांगतो. विमानातली हवा छतातून येते, पायाशी ओढली जाते आणि दर तीन ते पाच मिनिटांनी पूर्ण बदलते. खरा धोका हवेत कमी आणि हाताला जास्त असतो. आधीच्या फेरीतल्या प्रवाशाने दाणे खाल्ले, तोच हात खुर्चीच्या दांडीला, समोरच्या फळीला, पडद्याच्या बटणाला लागला. पुढच्या फेरीत तिथे पाच वर्षांचं पोर बसतं आणि बोट तोंडात घालतं. म्हणून त्या आढाव्याने बंदीपेक्षा बसण्याची जागा पुसून घेण्यावर भर दिला. यातली एक बारीक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. २००४ च्या एका अभ्यासात हात साबणाने धुतले किंवा ओल्या पुसणीने पुसले तर शेंगदाण्याचा अंश निघून गेला. नुसत्या पाण्याने आणि करोनापासून आपल्या खिशात आलेल्या त्या जंतुनाशक द्रवाने मात्र काही हातांवर तो राहिला. (शिजवण्याची वाफ वेगळी. मासे तळताना किंवा कडधान्य उकळताना उठणाऱ्या वाफेने काहींना त्रास होतो. पण विमानात कोणी चूल मांडत नाही.)

मग बंदीने काय साधेल? इथे मला लंडनमधली नताशा एडनान-लपरूज आठवते. पंधरा वर्षांची मुलगी. १७ जुलै २०१६ रोजी वडील आणि मैत्रिणीबरोबर फ्रान्समधल्या नीस शहराला निघाली. हीथ्रो विमानतळावरच्या प्रेट या दुकानातून पाव घेतला. वडिलांनी आणि तिने वेष्टन वाचलं, त्यावर तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पिठातच मळलेले, डोळ्यांना दिसणार कसे? विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी ॲड्रिनॅलिनची दोन्ही इंजेक्शनं मांडीत दिली, एका तरुण डॉक्टर प्रवाशाने शर्थ केली, तरी त्याच दिवशी ती गेली. दुकानातच तयार केलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर घटक छापायची सक्ती तेव्हा नव्हती. आई-वडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा लागू झाला. अशा प्रत्येक पाकिटावर आता सगळे घटक लिहावे लागतात.

पाहा, त्या विमानात शेंगदाण्यांवर कितीही कडक बंदी असती तरी नताशा वाचली नसती. तिला हवी होती पाकिटावरची एक ओळ.

आमच्या कचेरीतला माझा पंचवीस वर्षांचा अनुभव सांगतो. बंदीचं परिपत्रक हे सगळ्यांत स्वस्त काम असतं. एक कागद, एक सही, फाईल बंद. त्यानंतर काही घडलं की 'आम्ही तर मनाई केली होती' म्हणायला साहेब मोकळे. तीनशे माणसांच्या पिशव्यांत चिवडा, चिक्की, दशमी-चटणी काय काय असतं, ते कोण उघडून बघणार? आणि बंदी आहे म्हणून निर्धास्त झालेली आई खुर्ची पुसायची विसरली, तर धोका वाढलाच की.

याचा अर्थ विमान कंपन्या सुटल्या असा नाही. कोण काय खातो यावर पहारा ठेवणं त्यांना जमणार नाही, मान्य. पण स्वतः काय वाटायचं हे तर त्यांच्याच हातात आहे ना? ज्या फेरीत असा प्रवासी आहे त्या फेरीत शेंगदाणे वाटले नाहीत, चणे-मुरमुरे वाटले, तर कोणाचं काय बुडतं? आजूबाजूच्या रांगांना नम्रपणे सांगावं. आईला सगळ्यांच्या आधी आत सोडावं, म्हणजे ती जागा पुसून घेईल. अमेरिकेत २०१९ साली सरकारने एका मोठ्या कंपनीला बजावलं, की अशा प्रवाशाला आधी चढू देणं हा त्याचा अपंगत्वाच्या कायद्याखालचा हक्क आहे. मेहरबानी आणि हक्क यांतला फरक या साप्ताहिकाच्या वाचकांना मी वेगळा सांगायला नको.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे औषध. विमानातल्या औषधपेटीत ॲड्रिनॅलिन असलं तरी बहुधा ते कुपीत असतं. सुईत भरा, प्रमाण मोजा, मग टोचा. डॉक्टर प्रवासी नसेल तर हे कोण करणार? टोचताच आपोआप ठरलेली मात्रा देणारं पेन प्रत्येक विमानात ठेवायला हवं आणि ते वापरायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला हवं. समुद्रावरून उडणारं विमान दोन मिनिटांत खाली उतरत नाही. माझ्या मते कंपन्यांकडे मागायची पहिली गोष्ट ही आहे.

आता सहप्रवाशांविषयी. २०१४ साली रायनएअरच्या लंडनला जाणाऱ्या विमानात एका चिमुरडीला ॲलर्जी आहे, दाणे खाऊ नका, अशी सूचना वारंवार दिली होती. तरी एका माणसाने पुडी फोडलीच. मुलीची शुद्ध हरपली, इंजेक्शन देऊन ती वाचली. कंपनीने त्या माणसावर दोन वर्षांची प्रवासबंदी घातली. हवेतून अंश पसरतो की नाही यावर शास्त्रज्ञ खुशाल वाद घालोत. पण कोणाच्या तरी लेकरासाठी चार तास दाणे न खाणं ज्याला जड जातं, त्याची मला कीव येते.

आणि इथेच आयआयटीच्या टेबलांचा आणि या खुर्चीचा फरक मला स्वच्छ दिसला. शेजारच्या ताटातल्या मटणाने तिथे कोणाचा श्वास बंद पडत नव्हता. इथे पडतो. तिथे माणसाला उठवायचं होतं, इथे माणूस शेजारीच बसणार आहे, फक्त पुडी थोडा वेळ खिशात ठेवायची आहे. उद्या कोणी 'मला तुमच्या सुकटीचा वास सहन होत नाही' हे ॲलर्जीच्या नावाखाली खपवू पाहील, तर त्याला डॉक्टरचा दाखला मागायला आपण कचरू नये.

आपल्या देशाचं सांगायचं तर २०२० च्या नियमांनी पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन वगैरेंचा इशारा छापायला सांगितला. त्या यादीत तीळ नव्हते. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या देशात ही आठवण कोणाला झाली नाही, याचं नवल वाटतं. ते आपोआप टोचणारं पेनही आपल्याकडच्या औषध दुकानात सहज मिळत नाही. मुलीने तिकडून येताना स्वतःजवळ दोन ठेवावीत, सामानाच्या बॅगेत टाकू नयेत, एवढं तिला बजावलं आहे. गोळीवर विसंबून राहू नये हेही सांगितलं. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मागच्या गुरुवारी मावशी पुन्हा घरी आल्या. डबा न्यायचा नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मुलीच्या स्वयंपाकघरात, तिच्याच भांड्यांत सुक्या खोबऱ्याची चटणी करणार आहेत. नातवाला खोबरं चालतं, हे त्यांनी फोनवर तीनदा विचारून घेतलं. माझ्याकडे काम वेगळंच होतं. म्हणाल्या, "येताना विमानातल्या बाईला दाखवायला इंग्रजीत कागद करून दे. माझ्या शेजारी बसलेल्या पोराला शेंगदाणे आणि तीळ चालत नाहीत, खुर्ची पुसून द्या, औषध आईच्या पर्समध्ये आहे, असं लिही. मोठ्या अक्षरात."

मी दोन प्रती टाईप केल्या, एक त्यांच्या बटव्यात आणि एक मुलीसाठी. खाली सहीची जागा मोकळी ठेवली होती.

"सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच, मावशी. तुम्ही आजी आहात त्याची."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी दोन्ही प्रतींवर सावकाश केली, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून बसल्या.