शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस

वृद्ध माता-पित्यांना अखेरपर्यंत घरातच सांभाळणारी कुटुंबव्यवस्था हा हिंदू समाजाच्या सार्थ अभिमानाचा विषय आहे. परंतु ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, तेथे हा अभिमान नेमका कोणाच्या खांद्यावर उभा असतो, याचा विचार क्वचितच होतो. बहुधा तो खांदा एकाच स्त्रीचा असतो. ती सून असते, लेक असते किंवा स्वतः सत्तरी गाठलेली पत्नी असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरच्यांकडून मिळणाऱ्या शुश्रूषेचे ७० टक्के तास स्त्रिया देतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना ही व्याधी आहे.

वसईतील पापडीचेच उदाहरण घ्यावे. तलाव, बाजार आणि जुनी वस्ती यांच्या भोवती इमारती उभ्या राहिल्या. कमावती माणसे सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात, ती रात्रीच परततात. अशा घरात रुग्ण असेल तर दिवसभर बंद दाराआड दोनच जीव उरतात. एकाची स्मृती विझत चाललेली असते, तर दुसरा तोच प्रश्न पन्नासदा ऐकून पन्नासदा उत्तर देत असतो. रुग्ण रात्री दाराबाहेर पडू पाहतो, म्हणून झोप नाही. त्याला एकटे सोडता येत नाही, म्हणून लग्नकार्य नाही, हळदीकुंकू नाही. ‘आता ते ओळखत नाहीत’ म्हणून आप्तेष्टही येईनासे होतात. पण शुश्रूषा करणारी तर सर्वांना ओळखत असते ना!

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हरवलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची पत्नी मायेने सांभाळते. तिचे त्याच्याशी रक्ताचे नाते नसते. समाज म्हणजे हेच. २००७ च्या कायद्याने पाल्यांवर ज्येष्ठांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली. परंतु कायदा पोटगी देऊ शकतो, सोबत देऊ शकत नाही. राजोडी येथे ‘सिल्व्हर इनिंग्ज’ने उभारलेल्या केंद्रासारखी निवासी केंद्रे मोजकी आहेत आणि त्यांचा खर्च प्रत्येक घराला पेलणारा नाही.

घरोघरचा संपर्क हे संघटनेचे बळ आहे. मग आपल्या वस्तीत अशी घरे किती, हे स्थानिक शाखेला ठाऊक आहे काय? कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, दोन तास रुग्णापाशी बसावे. तेवढ्यात त्या माउलीला देवळात जाता यावे, मैत्रिणीला भेटता यावे किंवा नुसते झोपता यावे. तिला सल्ले देऊ नयेत, तिचे ऐकून घ्यावे. घरच्यांच्या संमतीने दुकानदार आणि रिक्षाचालकांना रुग्णाची ओळख करून द्यावी, म्हणजे वाट चुकलेला माणूस घरी पोहोचेल.

एका स्त्रीच्या एकाकी झिजण्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा गौरव करणे सोपे आहे. तिचा भार वाटून घेतल्यावाचून तो गौरव करण्याचा अधिकार मात्र समाजाला नाही.