शिस्त फक्त खेळाडूंनाच?

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या चाहत्यांचा एक आवडता उद्योग आहे. खेळाडू पार्टीत गोळी घेताना सापडला, की "हाकला त्याला!" मान्य, बेशिस्त ती बेशिस्तच. पण मग हिशोब सगळ्यांचा करा ना!

न्यूकॅसलच्या अँड्र्यू जॉन्सने निवृत्तीनंतर, २००७ मध्ये कबूल केलं, की कारकिर्दीत बराच काळ आपण एक्स्टसी घेत होतो. इतकी वर्षं क्लबात कुणालाच कळलं नाही? कमाल आहे!

क्रोनुला शार्क्सचं बघा. २०११ च्या पेप्टाइड प्रकरणावरून प्रशिक्षक शेन फ्लॅनगन निलंबित झाला. २०१४ मध्ये त्याच क्लबने टॉड कार्नीला एका अश्लील फोटोवरून काढलं. तो काही संत नव्हता, आधी दोन क्लबांनी हाकललेलाच. पण तो पुन्हा एनआरएलमध्ये खेळला नाही. फ्लॅनगन मात्र परतला, २०१६ चं विजेतेपद जिंकला. निलंबनात क्लबशी संपर्क ठेवल्याबद्दल २०१८ मध्ये नोंदणी गेली, तरी २०२४ ला दुसऱ्या क्लबचा मुख्य प्रशिक्षक!

सर्व्हर पडला की ज्युनियरला झापायचं आणि मॅनेजरला बढती... ओळखीचं वाटतंय ना? गोळी खेळाडू गिळतो, डोळे साहेब मिटतात. शिक्षा दोघांनाही द्या, नाहीतर शिस्तीच्या गप्पा बंद करा.