नुसतीच चालायला

आमच्या खामगावात बाई एकटी पायी निघाली की तिला कारण लागतं. देऊळ, दळण, भाजी, दवाखाना, यातलं काही तरी. काहीच नसेल तर पंचाईत. ओळखीचा माणूस गाडी थांबवतो, ‘कुठी चालल्या वो वहिनी? बसा नं, सोडून देतो.’ त्याच्या मनात काडीचंही वाईट नसतं, आपुलकी असते म्हणूनच तो थांबतो. पण ‘कुठेच नाही, नुसतीच चालतेय’ म्हटलं की तो काळजीत पडतो, आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन येतो, ‘वहिनींचं बरं आहे ना सगळं?’

एकटीने चालायची गोडी मला परगावी लागली. नागपूरला बहिणीकडे गेले की सिव्हिल लाइन्सच्या मोठमोठ्या झाडांखालून सेमिनरी हिल्सकडे जायचं. पुण्यात वेताळ टेकडी. तिथे भल्या सकाळी एकेकट्या बायका भराभरा चढत असतात. कुत्र्यांसाठी कुणाच्या हातात काठी असते, पण तोंडावर भीती नसते. आणि मुंबईची मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंतचे ते साडेतीन किलोमीटर मी भर गर्दीच्या वेळी चालले आहे. एकदा कठड्यावर साठीच्या एक बाई बसलेल्या दिसल्या. नऊवारी नेसलेल्या, चपला काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेल्या, पाय समुद्राकडे सोडलेले, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. कुणाची वाट बघत नव्हत्या. दाणे संपेपर्यंत बसल्या, पुडीचा कागद घडी करून कनवटीला लावला आणि चालू लागल्या. एवढ्या हजारो लोकांत त्यांना एकानेही हटकलं नाही. मला त्यांचा फार हेवा वाटला.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असंही नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांचा 1927 सालचा एक निबंध आहे, ‘स्ट्रीट हाँटिंग’. हिवाळ्यातल्या संध्याकाळी त्यांना लंडनभर भटकायचं असतं, आणि त्यासाठी त्या निमित्त काढतात ते पेन्सिल विकत आणायचं. इतक्या मोठ्या लेखिकेला, लंडनसारख्या शहरात, पेन्सिलीचा आधार घ्यावासा वाटला. आमच्या आळीतल्या बाया हातात कापडी पिशवी घेऊन निघतात, ती हीच पेन्सिल. कोथिंबीर घरात असते, तरी पिशवी बरोबर असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून 2011 मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. रस्त्यावरच्या बाईला सतत आपण कामानेच बाहेर पडलोय असं दाखवावं लागतं, आणि बिनकामाचं रेंगाळणं हासुद्धा तिचा हक्क आहे, असं त्या सांगतात. मला ते शंभर टक्के पटतं.

कारण चालण्यातली शांतता बिनकामाची असली तरच लाभते. पहिली वीस मिनिटं डोक्यात घरच चालू असतं : गॅसचा नंबर लावायचाय, सासूबाईंच्या गोळ्या संपल्यात, धाकट्याची फी. मग केव्हा तरी ते सगळं मागे पडतं आणि डोळे उघडतात. जनुना तलावाकडे जाताना दिवाळीनंतरच्या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळी बघाव्यात. कापसाच्या गाड्या जवळून जातात, आणि काट्याकाट्याला कापसाचे पुंजके अडकून राहतात. गाडीवर मागे बसून मी त्याच रस्त्याने कितीदा तरी गेले असेन, पण ते पुंजके दिसले पायी गेले तेव्हाच. याच कापसासाठी इंग्रजांनी 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा आगगाडीचा फाटा आणला. तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या बाजारपेठांत आपलं गाव होतं. हा इतिहास मी शाळेत शिकले होते, पण मनात रुजला तो चालताना.

आणि चालणं खामगावला परकं थोडंच आहे? आषाढी करून गजानन महाराजांची पालखी परतते तेव्हा तिचा शेवटचा मुक्काम आपल्याकडेच असतो. दुसऱ्या दिवशी शेगावपर्यंतची सोळा-सतरा किलोमीटरची वाट माणसांनी फुलून जाते. त्या दिवशी म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कॉलेजातल्या पोरी अंधारातच घर सोडतात. कुणी चुकून मागे पडते, एकटीच चालत राहते, आणि कुणी तिला थांबवत नाही. ती वाट मीही चालले आहे आणि त्या गर्दीत मला अगदी मरीन ड्राइव्हसारखा निवांतपणा मिळाला. पण तिथेही प्रत्येकीला कारण असतं, महाराजांचं. उरलेल्या दिवसांत तोच रस्ता तिला कारण विचारतो.

मला एवढंच हवं आहे की मुंबईत जे परक्यांकडून मिळतं ते इथे आपल्या माणसांकडून मिळावं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा चालायला पहाट आणि रात्र एवढीच वेळ उरते. नेमक्या त्याच वेळी बाईने एकटीने बाहेर पडणं गावाला खटकतं. रस्त्यांवर पुरेसे दिवे असावेत, चालायला कडेची जागा मोकळी असावी, हे नगरपरिषदेकडे मागायचंच. पण निम्मं काम आपल्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

म्हणून भाऊ-दादांना विनंती. ओळखीची बाई एकटी चालताना दिसली तर मान हलवा आणि पुढे जा. गाडी थांबवू नका, घरी फोन करू नका. मदत लागली तर ती स्वतःच हात करील.