नायिकेचे मन आणि समीक्षेचे न्यायासन

'नायिकेचे खरे प्रेम कोणावर होते?' हा प्रश्न हौशी वाचकांच्या गप्पांतला असून गंभीर समीक्षेच्या परिघाबाहेरचा आहे, असे मानण्याची विद्वानांना सवय आहे. ही सवय जितकी सोयीची तितकीच फसवी आहे. ज्या प्रश्नाला समीक्षेने दारातून हाकलून दिले, तो खिडकीतून केव्हाच आत आला असून 'मानसशास्त्रीय अन्वयार्थ', 'पुनर्वाचन', 'व्यक्तिरेखेची पुनर्मांडणी' अशी भारदस्त नावे धारण करून विद्यापीठीय प्रबंधांत सुखाने नांदत आहे. त्याची ओळख पटविण्यासाठी एका परदेशी, आणि वरकरणी क्षुल्लक, वादापासून आरंभ करणे उपयुक्त ठरेल.

मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' ही जपानी चित्रकथामाला 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकातून १९९९ ते २०१४ या काळात ७०० प्रकरणांत प्रसिद्ध झाली आणि ७२ खंडांत ग्रंथबद्ध झाली. तिची नायिका साकुरा हारुनो ही नारुतो आणि सासुके या दोन मुलांबरोबर एकाच गटात युद्धविद्या शिकते. सासुकेवर तिचे आरंभापासून मन आहे. नारुतोविषयी तिला आधी तिटकारा, मग आदर आणि पुढे गाढ आपुलकी वाटू लागते. सासुके गाव सोडून जातो. त्याला परत आणण्याचे वचन नारुतो तिला देतो. त्या वचनाखाली तो चिरडला जात आहे हे ध्यानात आल्यावर ती एके दिवशी त्याच्यासमोर उभी राहते आणि आपले प्रेम त्याच्यावरच असल्याचे सांगते. नारुतो ते बोलणे खोटे मानून नाकारतो. मालिकेच्या अखेरीस साकुरा सासुकेची पत्नी झालेली दिसते. कथेने निकाल दिला. वाचकांनी तो मानला नाही. मालिका संपून दशक उलटल्यावरही चाहत्यांचे दोन पक्ष आहेत. प्रत्येक पक्ष चित्रचौकटीतील एखादी नजर, एखादा अश्रू, एखादे अर्धवट वाक्य पुरावा म्हणून मांडतो आणि प्रतिपक्षाचा पुरावा प्रसंगवश वा लेखकाची चूक म्हणून फेटाळतो.

या वादाला बालिश म्हणून हसणाऱ्या मराठी अभ्यासकाने क्षणभर स्वतःच्या कपाटाकडे पाहावे. एकाच गटातील दोन पुरुष आणि त्यांच्यामध्ये विभागलेले एका स्त्रीचे मन, हा विषय मराठी वाचकाला जपानकडून शिकण्याची गरज नाही. द्रौपदी अर्जुनाची की भीमाची, हा वाद मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्याची रीतही तीच आहे. अर्जुनाच्या पक्षाकडे महाप्रस्थानिक पर्व आहे : हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी प्रथम कोसळते, भीम कारण विचारतो, आणि तिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता हाच तिचा दोष, असे युधिष्ठिर सांगतो. भीमाच्या पक्षाकडे सौगंधिक कमळे आहेत, द्यूतसभेत युधिष्ठिराचे हात जाळण्यासाठी सहदेवाला अग्नी आणावयास सांगणारा संताप आहे, दुःशासनाचे रक्त आहे. आणि सर्वांवर कडी करणारा पुरावा म्हणजे विराटाच्या नगरीतील ती रात्र. कीचकाने छळलेली द्रौपदी त्या रात्री पाकशाळेत जाऊन भीमालाच उठवते.

इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' (१९६७) या ग्रंथाने हा वाद एका वेगळ्या उंचीवर नेला. अखेरच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीला भीमाच्या प्रेमाची ओळख पटते, असे चित्र कर्वे यांनी तेथे रंगविले आहे. हे चित्र मराठी मनावर असे काही ठसले, की ते व्यासांचेच आहे असे मानणारे वाचक आजही भेटतात. परंतु कर्वे यांनी एक गोष्ट केली होती, जी त्यांच्या चाहत्यांनी केली नाही. संशोधित आवृत्तीवर आधारलेले विवेचन कोठे संपते आणि पुढची आपली 'नरोटी' कोठे सुरू होते, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगून ठेवले. नरोटी म्हणजे खोबरे काढून घेतलेली रिकामी करवंटी. विदुषीने आपल्या कल्पनेला हे नाव देण्यात विनय आहे, आणि विनयापेक्षा अधिक शिस्त आहे. 'युगान्त'चे अनुकरण करणाऱ्या पुढच्या अनेक लेखनांत नरोटी उदंड झाली. सीमारेषा मात्र पुसली गेली.

सीमारेषा पुसल्यावर काय घडते, याचे उदाहरण कर्णाच्या बाबतीत मिळते. सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदीने स्वयंवरात ठणकावले, या प्रसंगावर तिच्या सुप्त प्रेमाचे वा पश्चात्तापाचे इमले बांधले गेले. भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीच्या मुख्य संहितेत हा नकारच नाही. जो नकार संहितेत नाही, त्यामागे दडलेला होकार शोधण्याचे काम मात्र अखंड चालू आहे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. द्रौपदी त्यांत नाही. जिला निवेदनाचा अधिकार मिळालेला नाही, तिच्या मनाविषयी त्या कादंबरीच्या आधारे ठाम विधाने करणारा अभ्यासक नेमके कोणाचे मन वाचत असतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मराठवाड्यातील अभ्यासकाला तर याहून मोलाची संहिता उंबरठ्यावर उपलब्ध आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे रेणुकेचे आणि लातूरच्या शेजारचे तुळजापूर हे भवानीचे पीठ. गोंधळ्यांच्या रेणुराई आणि कदमराई या दोन परंपरा या दोन देवतांशी निगडित आहेत. दिवटीच्या उजेडात, संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळाच्या उत्तररंगात जी आख्याने रंगतात, त्यांत 'जांभूळ आख्यान' आहे. विठ्ठल उमप यांनी ते रंगमंचावर आणून शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले. पाठ वेगवेगळे असले तरी गाभा एक आहे. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येते की हाही आपला पती असता तर. कृष्ण ते ओळखतो. झाडावरून तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावयाचे असेल तर प्रत्येकाने मनातले खरे बोलले पाहिजे, असा पेच तो घालतो. द्रौपदी आडपडदा ठेवते तोवर जांभूळ वर चढत नाही. कर्णाचे नाव घेते तेव्हा ते देठाला लागते.

या आख्यानाकडे पाहण्याचे विद्वानांचे दोन प्रकार आहेत. एक त्याला प्रक्षिप्त, ग्राम्य म्हणून बाजूला सारतो. दुसरा त्याला 'स्त्रीच्या दमित वासनेचा लोकमानसातील उद्गार' म्हणून डोक्यावर घेतो. दोघांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, आणि तीच येथे निर्णायक आहे. द्रौपदी हे आपण होऊन बोललेली नाही. तिला बोलावयास लावले आहे. पाच पती समोर उभे आहेत, प्रश्नकर्ता सर्वज्ञ आहे, आणि न बोलल्यास अनर्थ ओढवणार आहे. अशा स्थितीतील कथनाला कबुलीजबाब म्हणतात. त्याला हृदयाचा उद्गार म्हणणे म्हणजे चौकशीच्या खोलीला एकान्त म्हणणे होय.

हा निकष एकदा हाती घेतला की वादातील सगळेच पुरावे निराळे दिसू लागतात. युधिष्ठिराचे विधान द्रौपदी कोसळल्यानंतरचे आहे. ते भीमाला उद्देशून आहे, आणि ते करणारा मागे वळून न पाहता पुढे चालू लागतो. ज्या स्त्रीविषयी हा निर्णय आहे, तिला उत्तर देण्याची संधी नाही. विराटनगरीत द्रौपदी भीमाकडे जाते तेव्हा अर्जुन बृहन्नडेच्या वेषात अंतःपुरात आहे, युधिष्ठिर अज्ञातवासाच्या अटीला बांधलेला आहे, आणि कीचकाला मारू शकेल असा क्रोध एकट्या भीमापाशी आहे. तिची निवड कृती कोण करील याविषयीची आहे. प्रेम कोणावर आहे याविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. साकुराचे नारुतोसमोरचे बोलणेही असेच. ते एका मित्राला वचनातून सोडविण्यासाठी योजलेले आहे, आणि त्यानंतर ती ज्याच्यावर मन आहे त्या सासुकेला स्वतःच्या हाताने मारावयास निघते, पण वार करू शकत नाही. एकासाठी खोटे बोलण्याइतकी आणि दुसऱ्यासमोर शस्त्र थबकण्याइतकी अशा दोन ओढी तिच्यात एकाच वेळी जिवंत आहेत. यांपैकी एक 'खरी' व दुसरी 'भासमान' ठरविण्याचा अधिकार वाचकाला कोणी दिला?

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला जुना आहे. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅक्बेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न करून पात्रांना हाडामांसाची माणसे समजणाऱ्या समीक्षेची थट्टा केली. पात्र ही केवळ शब्दांची रचना असेल तर तिच्या मनाची चर्चाच व्यर्थ, असे या मताचे अनुयायी म्हणतील. परंतु रचनेत द्विधा भाव असेल तर तो रचनेचाच गुण होय. मूल मोजण्याचा प्रश्न संहितेबाहेरचा आहे. पाकशाळेच्या दाराशी उभी असलेली द्रौपदी संहितेच्या आत आहे. तिच्याविषयी मौन बाळगणे ही शिस्त नसून पळवाट आहे.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे आणि अधिक बळकट आहे. ईव्ह कोसोफ्स्की सेज्विक यांनी 'बिट्वीन मेन' (१९८५) या ग्रंथात दाखविले की प्रेमत्रिकोणात खरा ताण अनेकदा दोन पुरुषांमधला असतो. स्त्री हे त्यांच्या नात्याचे निमित्त ठरते. 'नारुतो'च्या बाबतीत हे लख्खपणे लागू पडते, कारण त्या मालिकेचा कणा दोन मुलांचे वैर-सख्य हाच आहे. पण या सिद्धान्ताचा आपल्याकडे होणारा वापर पाहावा. 'नायिका केवळ माध्यम आहे' एवढे सिद्ध केले की अभ्यासक तिच्याकडे पाठ फिरवितो. सेज्विक यांनी ज्या व्यवहारावर बोट ठेवले, तोच व्यवहार तो त्यांचे नाव घेऊन पुढे चालवितो. स्त्रीला माध्यम करणे हा अन्याय असेल, तर माध्यम झालेली ती काय बोलते, केव्हा गप्प राहते आणि कोणापुढे खोटे बोलते, हे वाचणे समीक्षेचे कर्तव्य उरतेच.

मग या वादात गुंतलेले खरे मूल्य कोणते? स्त्रीचे मन एकवचनी असले पाहिजे, ही मागणी नैतिक आहे. समीक्षेत ती वाङ्मयीन वेष घालून येते. नायिकेच्या मनातील दोन ओढी म्हणजे अपुरी माहिती आहे, आणखी बारकाईने शोध घेतल्यास एकच नाव हाती लागेल, या गृहीतावर अवघा वाद उभा आहे. अनेक स्त्रियांशी विवाह करणाऱ्या अर्जुनाचे 'खरे' प्रेम कोणावर, यासाठी मराठीत असे न्यायासन कधी भरले नाही. प्रश्न फक्त तिलाच विचारला जातो, आणि विचारला जातो म्हणूनच तिचे मन संशयित ठरते. या बाबतीत गोंधळ्याचे आख्यान पंडितांहून उदार आहे हे कबूल केले पाहिजे. तेथे कबुलीची सक्ती आहे, तरी शिक्षा नाही. सहाव्याचे नाव घेतल्यावर द्रौपदी कोसळत नाही, उलट तुटलेले फळ देठाला लागते. महाप्रस्थानात कमी ओढाताणीसाठी तिला देह ठेवावा लागतो.

नांदेड आणि लातूरच्या मराठी विभागांना या प्रश्नाचे विशेष उत्तरदायित्व आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेल्या नरहर कुरुंदकरांनी महाभारताची चिकित्सा केली. ते लेखन 'व्यासांचे शिल्प' या ग्रंथात संकलित आहे. त्या शहरात १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, लातूर त्याच्या कार्यक्षेत्रात येते, आणि माहूरचे गोंधळी या अभ्यासकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही तेथील पदव्युत्तर वर्गात 'द्रौपदीचे खरे प्रेम कोणावर, ते सोदाहरण स्पष्ट करा' या धाटणीने विचार होणार असेल, तर तो चिकित्सेचा वारसा वाया गेला असे म्हणावे लागेल. 'लातूर पॅटर्न'ने नेमक्या उत्तराची शिस्त विद्यार्थ्यांना दिली. विज्ञानाच्या परीक्षेत तिचे मोल वादातीत आहे. चार पर्यायांपैकी एक अचूक, ही रीत नायिकेच्या अंतःकरणाला लावली की मात्र परीक्षार्थी तयार होतो आणि वाचक मरतो.

पर्याय अवघड नाही. नायिकेच्या मनाविषयीचे प्रत्येक विधान समोर आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : ते कोणी केले, कोणापुढे केले, आणि न केल्यास काय होणार होते. त्यानंतर संहिता जेथे थांबते तेथे थांबावे. पुढे जावयाचेच असेल तर कर्वे यांच्याप्रमाणे आपली नरोटी आपल्या नावावर लावावी. जपानी चित्रकथेचे तरुण वाचक निदान आपण एका पक्षाचे आहोत हे लपवीत नाहीत. न्यायाधीशाचा झगा चढवून पक्षकाराचे काम करण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नाही; ती विद्वानांनी स्वतःवर ओढवून घेतली आहे.