दुरुस्त केलेले पिस्तूलही अस्सलच!

दुसऱ्या महायुद्धातील ‘एम१९११ए१’ पिस्तूल मूळ अवस्थेत असेल, तर अमेरिकेतील संग्राहक जास्त पैसे मोजतात. लष्कराने दुरुस्त केलेले मात्र दुय्यम ठरते. कारण काय? फ्रेम कोल्टची, स्लाइड टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडची आणि वर पार्करायझिंग, म्हणजे गंजरोधक फॉस्फेटचा नवा थर.

पण हाच त्याचा खरा इतिहास आहे. १९४५ नंतर लष्कराने नवी घेतलीच नाहीत. १९८५ मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत जुनीच दुरुस्त करून वापरली. ऑगस्टा शस्त्रागाराचा ‘एए’ शिक्का म्हणजे अशा दुरुस्तीची पावती.

काही जण जुने सुटे भाग शोधून असे पिस्तूल पुन्हा ‘ओरिजिनल’ करतात. त्याने भाव वाढेल, पण लष्करी सेवेची नोंद कायमची पुसली जाते. म्हणून घेण्याआधी शिक्का पाहा आणि पिस्तूल आहे तसेच राहू द्या.