कठिणपुच्छा

या सदरांत आजवर पाणी तापविण्याचा बंब, लोणच्याची बरणी, मुलांचें हस्ताक्षर अशा घरगुती विषयांवर चार शब्द लिहिले. आजचा विषयही घरांतलाच आहे. कारण ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें ती आमच्या जिन्याखालीं उभी असते. ती म्हणजे माझी सायकल. साठी उलटलेल्या मास्तरानें सायकलीवर लिहावें याचें कोणास हसूं आलें तर त्यांनीं खुशाल हसावें. परंतु हसून झाल्यावर लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंति आहे. पुष्कळ घरीं अशीच एखादी सायकल धूळ खात उभी असते, आणि ती उभी राहण्याचें कारण पुष्कळदां स्वाराच्या वयांत नसून सायकलीच्या मांडणींत असतें.

मी सेवानिवृत्त झालों तेव्हां चिरंजिवांनीं ही सायकल आणून दिली. इंग्रजींत हिच्या जातीला ‘हार्डटेल माउंटन बाइक’ म्हणतात. पुढील चाकाच्या चिमट्यांत धक्के शोषून घेणारी योजना असते; मागील बाजू मात्र सरळ, ताठ, कसलीही स्प्रिंग नसलेली. म्हणून मीं तिचें नांव ‘कठिणपुच्छा’ असें ठेविलें. नातवंडें हसतात; परंतु बहुव्रीहि समासाचें एक उदाहरण त्यांना त्यामुळें कायमचें पाठ झालें, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.

या सायकलीवरून दर गुरुवारीं सकाळीं मी माझ्या वडील बहिणीकडे, अक्काकडे, जात असें. अंतर सहा किलोमीटर. फाटकाशीं पोंचलों कीं घंटा तीनदां वाजवावयाची, हा परिपाठ. पुढें आमच्या मातुःश्री अंथरुणास खिळल्या. त्यांच्या शुश्रूषेंत जवळजवळ दोन वर्षें गेलीं आणि सायकल जिन्याखालींच राहिली. गेल्या माघांत मातुःश्रींनीं देह ठेविला. त्यानंतर अक्काचा विचार वारंवार मनांत येऊं लागला. तिचे गुडघे दुखतात, तिला फारसें बाहेर पडवत नाहीं. आणि आई गेल्यावर तिला माहेर म्हणून जें कांहीं उरलें तें आतां मीच. चिरंजीव म्हणाले, “बाबा, रिक्षानें जा.” रिक्षानें जातां येतें हें खरें, परंतु रिक्षानें जाणारा मनुष्य काम असलें म्हणजे जातो, आणि सायकल असलेला मनुष्य काम नसतांही जातो. बहिणीकडे जावयाचें तें बिनकामाचेंच जावें, असें मला वाटतें.

म्हणून एके सकाळीं धूळ पुसली, चाकांत भरपूर हवा भरली आणि निघालों. दोन किलोमीटरांतच परत फिरावें लागलें. बैठकीखालीं जणुं दगड ठेवले होते. मानेपासून कमरेपर्यंत प्रत्येक खड्ड्याची नोंद होत होती. आणि दोन्ही हातांची करंगळी व अनामिका अशीं बधिर झालीं कीं ब्रेक दाबला कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें लागे. घरीं आलों आणि सांगून टाकलें कीं, आतां वय झालें. सायकल विकून टाका. कोणी कांहीं बोललें नाहीं. सायंकाळीं सूनबाई मात्र चहा देतांना म्हणाल्या, “बाबा, तुम्हीं दोन वर्षांत एकदांही हिची तपासणी केली नाहीं. दोष वयाचा कीं सायकलीचा, हें आधीं ठरवायला नको का?” विद्यार्थ्यांना तीस वर्षें अन्वय लावावयास शिकविणाऱ्या माणसानें कारण न शोधतांच निकाल दिला होता. मी खजील झालों आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं जिन्याखालीं पाट घेऊन बसलों.

पहिली गोष्ट चाकांतली हवा. सायकलीचें सुख हें मुळांत हवेचें सुख आहे. १८६० नंतरच्या दशकांत युरोपांत लोखंडी धावांच्या लाकडी चाकांची सायकल निघाली, तेव्हां लोकांनीं तिला हाडें खिळखिळी करणारी असेंच नांव दिलें होतें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें हवेच्या धावेचें पेटंट घेतलें. त्याचा पहिला प्रयोग त्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीवर केला होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें तशीच कल्पना १८४५ सालींच नोंदविली होती, परंतु ती तेव्हां रुजली नाहीं. तात्पर्य, ज्या सायकलीला मागें स्प्रिंग नाहीं तिची मागची स्प्रिंग म्हणजे टायरांतील हवा. आणि मी तर टायर दगडासारखा घट्ट करून निघालों होतों! मोजून पाहिलें तों ५५ पौंड भरले. आपल्याकडे घट्ट टायर म्हणजे चांगला टायर अशी समजूत आहे; ती अरुंद टायरांच्या जुन्या सायकलींमुळें पडली. माझे टायर सव्वा दोन इंच रुंद, माझें वजन ६८ किलो. मागें ३५ व पुढें ३१ पौंड ठेवले, तों तीच सायकल निराळी वाटूं लागली. मर्यादेचे आंकडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात, त्यांच्या आंत राहावें. वजनदार माणसानें थोडी अधिक, हलक्यानें थोडी कमी ठेवावी. मात्र हवा फार कमी झाली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून सर्पदंशासारखीं दोन भोकें पडतात. म्हणून दोन-दोन पौंडांनीं उतरावें, आणि अंगठ्याच्या अंदाजावर न विसंबतां मापकाचा पंप वापरावा.

दुसरी गोष्ट पुढचा चिमटा. या जातीच्या सायकली अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, मरिन परगण्यांत जन्मल्या. १९७६ सालीं टॅमल्पाइस डोंगराजवळ कांहीं तरुणांनीं जुन्या जाड टायरांच्या सायकलींवरून उताराच्या शर्यती सुरू केल्या. उतार संपेपर्यंत मागील ब्रेकमधलें ग्रीस जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे, म्हणून त्या वाटेचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें खास डोंगरासाठीं सांगाडा बांधला. धक्के शोषणारा चिमटा मात्र १९८९ च्या सुमारास बाजारांत आला. माझ्या सायकलीला तो होता, परंतु खालवर होतच नव्हता. पाहतों तों चिमट्याच्या माथ्यावरील कळ ‘बंद’कडे फिरलेली! चढावर चिमटा ताठ करण्यासाठीं ती असते; कोणी तरी फिरविली आणि मीं पाहिली नाहीं. कळ उघडल्यावर आमच्या सायकलवाल्या कारागिरानें आंतलें वंगण बदललें. मग त्यानें सांगितलेली परीक्षा केली. चिमट्याच्या चकचकीत नळीभोंवतीं दोरा बांधावा, तो खालीं सरकवून ठेवावा, भिंतीच्या आधारानें सायकलीवर नेहमींप्रमाणें बसावें आणि हलकेच उतरावें. दोरा जितका सरकला तितका चिमटा आपल्या वजनानें दबला. एकंदर चालीच्या पांचवा हिस्सा दबणें ठीक. माझ्या चिमट्याची चाल १०० मिलिमीटर, तेव्हां २० मिलिमीटर. हवेच्या चिमट्यांत हें हवा कमीअधिक करून जमवितां येतें, पण त्यासाठीं निराळा बारीक पंप लागतो. स्प्रिंगच्या चिमट्यांत कित्येकदां एक खुंटी असते.

तिसरी गोष्ट बैठक. येथें एकत्र कुटुंबाचा एक दोष उघडकीस आला. माझ्या गैरहजेरींत थोरला नातू सायकल वर्गाला नेत असे. तो माझ्याहून उंच, म्हणून सीट त्यानें दोन बोटें वर केलेली. सीट उंच झाली कीं पायडल गांठतांना कंबर दोन्ही बाजूंस झुलते आणि बैठक सोलवटते. शिवाय त्या मानानें हँडल खालीं जातें आणि अंगाचा भार हातांवर येतो. म्हणजे बैठकीचें दुखणें आणि बोटांची बधिरता या दोन्ही तक्रारींचें मूळ बव्हंशीं एकच होतें. सीटच्या उंचीची जुनी कसोटी सोपी आहे: टांच पायडलवर ठेवून तें अगदीं खालीं नेलें असतां पाय सरळ व्हावा, मग चवडा पायडलवर ठेवल्यास गुडघा आपोआप थोडा वांकलेला राहतो. आतां आमच्या सीटच्या दांड्यावर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या आहेत. तांबडी माझी, निळी नातवाची, पिवळी सूनबाईंची. ज्यानें सायकल न्यावी त्यानें आपल्या रंगावर सीट आणावी. दांड्यावर जी कमाल उंचीची खूण कोरलेली असते, तिच्यापलीकडे मात्र कोणीही जाऊं नये; दांडा मोडून अपघात होतो.

सीटच्या मऊपणाविषयींही माझा भ्रम दूर झाला. पहिल्या दिवशींच मी जेलचें जाड कव्हर घेऊन आलों होतों. त्यानें दुखणें वाढलें. बसतांना शरीराचा भार कमरेच्या खालच्या दोन हाडांवर यावयास हवा. फार मऊ गादींत तीं हाडें रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. सीटची रुंदी त्या दोन हाडांतील अंतराला जुळली पाहिजे आणि तिचा माथा सपाट असला पाहिजे. नाक फार खालीं केलें तर मनुष्य घसरतो व हातांवर भार येतो; फार वर केलें तर नाजूक भागाला बोचतें. योगसूत्रकारांनीं आसनाला स्थैर्य व सुख अशीं दोन लक्षणें लाविलीं आहेत. मी केवळ दुसऱ्याच्या मागें लागलों आणि पहिलें विसरलों. कव्हर काढून टाकलें व पाटाची गादी म्हणून तें देवघरांत दिलें.

चौथी गोष्ट हँडल, आणि येथें खरा अडसर माझ्या अहंकाराचा होता. कारागीर म्हणाला, “मास्तर, हँडल दोन सेंटिमीटर वर घेऊं.” मला वाटलें, वर उचललेलें हँडल म्हणजे म्हातारपणाची जाहिरात. चार दिवस मीं तें तसेंच राहूं दिलें आणि चार दिवस बोटें बधिर झालीं. तळहाताच्या करंगळीकडील बाजूनें एक मज्जातंतु जातो. त्यावर सतत दाब पडला कीं नेमकीं हींच दोन बोटें मुंग्या येऊन बधिर होतात. शेवटीं हट्ट सोडला. हँडलच्या दांड्यावरील कड्या वरच्या खालीं घेतल्या, ब्रेकचे दांडे मनगट सरळ राहील अशा कोनांत फिरविले आणि तळहाताला आधार देणाऱ्या रुंद मुठी बसविल्या. हें काम जाणकाराकडूनच करवावें. तेथील छर्ऱ्यांची बसवणूक बिघडल्यास हँडल डुगडुगतें. इतकें करूनही बधिरता राहिली तर मात्र सायकलवाल्याकडे न जातां वैद्याकडे जावें.

पांचवी गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा सीटदांडा. ज्यांना पहिल्या चार उपायांनीं आराम पडत नाहीं त्यांनीं तो जरूर घ्यावा. कठिणपुच्छेला तो चांगला मानवतो. मात्र दांड्याची जाडी नेमकी जुळावी लागते, २७.२, ३०.९, ३१.६ मिलिमीटर असे आंकडे जुन्या दांड्यावर बहुधा कोरलेले असतात. स्प्रिंगही स्वाराच्या वजनाजोगी हवी. मला अद्याप त्याची गरज पडली नाहीं. फुकटचे उपाय आधीं आणि विकतचे नंतर, हा गृहस्थाचा नियम येथेंही लागू आहे.

सायकल सुधारली तरी स्वार एका दिवसांत सुधारत नाहीं. पहिल्या आठवड्यांत मी एक दिवसाआड वीस मिनिटेंच फिरलों, दुसऱ्यांत अर्धा तास. बैठकीच्या हाडांना पुन्हां संवय व्हावयास असे एकदोन आठवडे लागतातच. त्या दुखण्याला भिऊन सोडूं नये आणि त्याला न जुमानतां लांबही जाऊं नये. खड्डा किंवा गतिरोधक दिसला कीं दोन्ही पायडलें सारख्या पातळीवर आणावीं, बैठकीवरून किंचित् उठावें, कोपर सैल सोडावे. मनुष्याचे गुडघे व कोपर यांसारखी स्प्रिंग अजून कोणीं बनविली नाहीं. ज्यांना हृदयविकार किंवा चक्कर असेल त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून निघूं नये. आणि सायकल दीर्घकाळ उभी असेल तर ब्रेक, साखळी व टायरच्या भेगा पाहिल्यावांचून कोणींच निघूं नये.

हें सर्व करतांना एक गोष्ट मनाला पटली. दोन वर्षांपूर्वीं जी मांडणी मला योग्य होती ती आज योग्य राहिली नव्हती, कारण मी तोच राहिलों नव्हतों. तें न मानतां मी एक तर जुन्याच मांडणीचा हट्ट धरीत होतों, नाहीं तर सायकलच विकावयास निघालों होतों. या दोहोंच्या मध्यें, दोन सेंटिमीटर हँडल वर घेण्याची एक वाट आहे, हें मला घरच्या सुनेनें दाखविलें. वृद्धांनीं घरांत राहतांनाही ही वाट शोधीत असावें, आणि तरुणांनीं सूनबाईंप्रमाणें ती हळूच दाखवावी.

चौथ्या आठवड्यांतील गुरुवारीं सकाळीं निघालों. वाटेंत दोनदां थांबलों, एकदां हात झटकावयास व एकदां पाणी प्यावयास. अक्काच्या फाटकाशीं पोंचून घंटा तीनदां वाजविली. दार उघडावयास तिला नेहमीं वेळ लागतो. त्या दिवशीं तें आधींच उघडें होतें. आंतून ती म्हणाली, “आलास होय? कोपऱ्यावर घंटा वाजवायची सोडली नाहींस अजून. बैस, चहा टाकलाय.” कोपऱ्यावर घंटा मीं वाजविली होती काय, हें मला आठवत नव्हतें. आईनें दिलेल्या जुन्या पितळी भांड्यांत चहा उकळत होता. आम्ही फारसें कांहीं बोललों नाहीं. निघतांना तिनें विचारलें, “पुढल्या गुरुवारीं?” मीं होय म्हटलें.