बदनामी वस्तीची, परवाना कोणाचा?

पुण्यात नशेत मारामारी झाली, कोयता निघाला की पोलिसांची गाडी आधी वस्तीत शिरते. ताडीवाला रोड, येरवडा, जनता वसाहत ही नावे अशी घेतली जातात, जणू गुन्हा तिथल्या मातीतच उगवतो. पकडलेल्या पोरांची त्यांच्याच गल्लीतून धिंड काढली जाते आणि शहर टाळ्या वाजवते. आमचा प्रश्न साधा आहे. पिणाऱ्याचा हिशेब असा भर रस्त्यात होतो, मग विकणाऱ्याचा कधी होणार?

19 मे 2024 आठवा. येरवड्याला खेटून असलेल्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा 17 वर्षांचा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21, इतर मद्यासाठी 25. तरी त्या रात्री तो मित्रांसोबत दोन पबमध्ये बसला. एका पबमध्ये दीड तासात 48 हजारांचे बिल झाले, हे पोलीस आयुक्तांनीच सांगितले. बाल न्याय मंडळाने 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून काही तासांत जामीन दिला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. लोक खवळल्यावर जामिनाचा आदेश फिरला आणि पबना सील लागले. म्हणजे सील लावण्याचा अधिकार आधीपासून होताच. तो वापरायला दोन मृतदेह लागले!

अल्पवयीन मुलाला सुधारण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे आम्ही मानतो. मग ती वस्तीतल्या पोरालाही मिळाली पाहिजे. एकाला निबंध आणि दुसऱ्याला धिंड, याला आम्ही कायद्याचे राज्य म्हणत नाही.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, सरसकट दारूबंदी करा. मित्रांनो, इथे बाबासाहेब नीट वाचा. 1956 मध्ये नागपुरात त्यांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. पण त्याच बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. महसूल बुडतो आणि चोरटी दारू घरोघरी गाळली जाते, हे त्यामागचे कारण होते. यात विसंगती नाही. शील माणसाने स्वतः पाळायचे, धंद्यावर लगाम राज्याने घालायचा. चोरट्या दारूत कोण मरते, हे 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. शंभरावर माणसे गेली, बहुतेक हातावर पोट असलेली.

धंद्यावर लगाम घातला तर हिंसा कमी होते का? होते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराने 2008 मध्ये काही पबची बंद होण्याची वेळ पहाटे 5 वरून साडेतीनवर आणली आणि ठरावीक वेळेनंतर नवे गिऱ्हाईक आत घेणे बंद केले. तिथले रात्रीचे हल्ले सुमारे एक तृतीयांशाने घटले. तिथली माणसे रातोरात सज्जन झाली नव्हती. विकणाऱ्याला शिस्त लावली, एवढेच झाले.

आपल्याकडे शिस्तीतही जात-वर्ग आडवा येतो. नवी बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान सोसायटीत काढायचे तर सोसायटीची ना-हरकत लागेल, असे मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर झाले. चांगले आहे. पण वस्तीची ना-हरकत कोण मागणार? वस्तीकडे ना सोसायटीची नोंदणी, ना लेटरहेड. आमच्या आयाबहिणींसाठी उरते ती 'उभी बाटली, आडवी बाटली'. आधी सह्या गोळा करा, मग पडताळणीला उभ्या राहा, मग मतदान करा. धुणीभांडी करणाऱ्या बाईने त्यासाठी किती दिवसांचे खाडे करायचे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नव्या दुकानासाठी वस्तीतल्या महिलांच्या सभेची ना-हरकत सोसायटीइतकीच बंधनकारक करा. वय न तपासता दारू देणाऱ्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांनी निलंबित करावा, पुन्हा तेच झाले तर रद्द करावा. मारामारीच्या प्रत्येक गुन्ह्यात आरोपी शेवटचा कुठे प्याला याची नोंद करा आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ती समोर ठेवा. रात्री दीडची मर्यादा मुंढवा-कोरेगाव पार्कलाही तितक्याच कडकपणे लावा. आणि दारूच्या महसुलातला ठरलेला वाटा वस्त्यांमधल्या व्यसनमुक्ती केंद्रांना द्या.

तरुणांनो, शील आपण पाळूच. पण आपल्या शीलाआड परवानाधारकाला लपू देऊ नका. आपल्या वस्तीभोवती किती परवाने आहेत, ते कधी आणि कोणत्या अटींवर दिले, हे माहिती अधिकारात विचारा. पहिला अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

जय भीम!